बांधकाम व्यवसायातील कार्यसंस्कृती व नवप्रवर्तन

बांधकाम व्यवसायातील कार्यसंस्कृती व नवप्रवर्तन : एखाद्या संस्थेत काम करणाऱ्या माणसांच्या परस्परवर्तनाच्या रूढ पद्धती, त्यांची मूल्ये, अधिकारांची उतरंड आणि चूक, जोखीम व श्रेय यांविषयीचे अलिखित संकेत यांच्या समुच्चयास त्या संस्थेची कार्यसंस्कृती म्हणतात. नवे साहित्य, नवे यंत्र, नवी रचनापद्धती किंवा कामाची नवी संघटना प्रत्यक्ष व्यवहारात आणून रुळविणे यास नवप्रवर्तन अशी संज्ञा आहे. शोध आणि नवप्रवर्तन यांत फरक आहे. शोध प्रयोगशाळेत वा एका व्यक्तीच्या बुद्धीत जन्म घेऊ शकतो. नवप्रवर्तनास मात्र अनेकांचे सहकार्य, प्रशिक्षण, धीर व पैसा लागतो. त्यामुळे ते संस्थेच्या कार्यसंस्कृतीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. बांधकामाच्या क्षेत्रात हा संबंध विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे नव्या पद्धतीचे अपयश केवळ आर्थिक हानीपुरते मर्यादित राहत नाही. त्यात माणसांचे प्राण जातात.

टॉम बर्न्स व जॉर्ज स्टॉकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश उद्योगांच्या अभ्यासात ‘यांत्रिक’ व ‘सेंद्रिय’ असे संघटनांचे दोन प्रकार कल्पिले. यांत्रिक संघटनेत आज्ञा वरून खाली येतात व प्रत्येकाचे काम नेमके आखलेले असते. सेंद्रिय संघटनेत माहिती सर्व दिशांनी वाहते व कामाचे स्वरूप परिस्थितीनुसार बदलते. स्थिर परिस्थितीत पहिला आणि बदलत्या परिस्थितीत दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेची संकल्पना मांडली. आपली शंका किंवा चूक बोलून दाखविल्यास शिक्षा वा उपहास होणार नाही असा विश्वास ज्या गटात असतो, तो गट अधिक लवकर शिकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बांधकामाच्या इतिहासात या दोन्ही विचारांना भरपूर पुष्टी मिळते.

व्यवसायाची वैशिष्ट्ये : कारखान्यात एकच वस्तू एकाच जागी पुन:पुन्हा तयार होते. बांधकामात वस्तू एकदाच तयार होते आणि प्रत्येक वेळी जागा, जमीन, हवामान व माणसे बदलतात. काम पुरे होताच कामकऱ्यांचा समूह विखुरतो व त्यांनी मिळविलेले ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जाते. आराखडा एकाचा, बांधणी दुसऱ्याची, देखरेख तिसऱ्याची व पैसा चौथ्याचा अशी विभागणी असल्याने नव्या पद्धतीचा लाभ आणि तिची जोखीम एकाच पक्षाकडे क्वचितच येतात. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या प्रघातामुळे प्रयोगासाठी पैसा शिल्लक राहत नाही. मुख्य कंत्राटदार, त्याच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम आणि अखेरीस मजूर अशी साखळी असते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंड्यास वा सळया बांधणाऱ्या कारागिरास जी अडचण दिसते, ती या साखळीतून अभियंत्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. या कारणांमुळे बांधकाम हा नवप्रवर्तनात मागे राहणारा व्यवसाय मानला जातो. ब्रिटनमध्ये मायकेल लेथम (१९९४) व जॉन एगन (१९९८) यांच्या अहवालांनी याच दोषांवर बोट ठेवले आणि स्पर्धकांतील संघर्षाऐवजी भागीदारीच्या संस्कृतीची शिफारस केली.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील बांधकामाची जुनी परंपरा पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार, बेलदार व वडार या कारागीर समूहांनी जोपासली. यादवकाळाशी निगडित हेमाडपंती शैलीत दगड घडवून चुन्याविना एकमेकांत बसविण्याचे कौशल्य दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि सिंदखेडराजाचा मोती तलाव ही या भागातील दगडी कामाची प्रसिद्ध उदाहरणे होत. या परंपरेत ज्ञान घराण्यातून व हाताखाली काम करून पुढे जाई. ते टिकून राही, पण लेखी स्वरूपात नसल्याने आणि जातिव्यवस्थेच्या चौकटीत बंदिस्त असल्याने त्याचा प्रसार मर्यादित होता. माती व दगड यांविषयी वडारांना असलेली पारख धरणांच्या व रस्त्यांच्या कामी सर्रास वापरली गेली. परंतु तिला ज्ञान म्हणून प्रतिष्ठा मिळाली नाही. कारागिराचे हात व अभियंत्याचे डोके यांत पडलेले हे अंतर पुढील सर्व काळावर आपली छाप ठेवून आहे.

१८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली. त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. प्रारंभी तिचा मुख्य हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. शिक्षणाचा हा हेतूच उतरंड दृढ करणारा होता.

भोर घाटाचे काम : आधुनिक पद्धतीच्या मोठ्या कंत्राटी कामाचा महाराष्ट्रातील पहिला मोठा अनुभव म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भोर घाट. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सु. २५ किमी. लांबीच्या चढणीवर २५ बोगदे, अनेक उंच पूल व गाडीची दिशा उलटविणारे स्थानक अशी त्याची रचना होती. अभियांत्रिकी दृष्ट्या ती त्या काळी जगातील धाडसी कामांपैकी एक होती. श्रमाची संघटना मात्र जुनीच राहिली. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याने काम उपकंत्राटदारांना व त्यांनी मुकादमांना वाटून दिले होते. मजुरी वेळेवर हाती पडत नसल्याने जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच मृत्यू पावला व त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने जबाबदारी स्वीकारून, अनुभवी व्यवस्थापकांकरवी, काम तडीस नेले. एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकी, ताप व अपघात यांमुळे हजारो मजूर दगावले.

या कामातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उत्तम आराखडा व अनुभवी अभियंते असूनही मजुरीच्या व्यवहारातील अविश्वासामुळे काम ठप्प होऊ शकते. दुसरी, स्वस्त मजुरांचा अखंड पुरवठा असल्यास यंत्रांचा वापर करण्याची निकड भासत नाही. १८६० मध्ये रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंटे त्वरित निकालात काढण्यासाठी कायदा झाला; पण तो मुख्यत्वे काम चालू ठेवण्यासाठी होता.

सरकारी खात्याची संस्कृती : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सार्वजनिक बांधकाम खाते हीच प्रांतातील सर्वांत मोठी बांधकाम संस्था होती. लेखी नियमावली, मोजमापवही, मंजुरीची साखळी व काटेकोर हिशेब ही तिची वैशिष्ट्ये होत. या संस्कृतीने दर्जा व सातत्य दिले. पण नव्या कल्पनेस मंजुरी मिळविणे कठीण केले. तरीही तीत व्यक्तिगत पुढाकाराला वाव नव्हता असे नाही. पुण्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडून १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या सेवेत आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२) यांनी खडकवासला धरणाच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले (१९०३). पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपर्यंत चढल्यावर हे दरवाजे आपोआप उघडत व ती उतरताच मिटत. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविण्याची ही युक्ती होती. मात्र त्या काळी खात्यातील सर्वोच्च पदे रूढीने यूरोपीय अभियंत्यांकडेच जात. विश्वेश्वरय्या यांनी १९०८ च्या सुमारास मुंबई सरकारची सेवा सोडली. गुणी माणसाला पुढे जाण्याची वाट बंद करणारी संस्था त्याचे पुढील नवप्रवर्तनही गमावते, याचे हे उदाहरण म्हणता येईल. त्यांचे नंतरचे मोठे कार्य म्हैसूर संस्थानात झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात खात्याला संशोधनाची जोड मिळाली. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे खडकवासला येथे विकसित झालेल्या मध्यवर्ती जल व विद्युत् संशोधन केंद्राने, तसेच १९५९ मध्ये नासिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने प्रतिकृतींवरील प्रयोग, मातीच्या व काँक्रीटच्या चाचण्या यांची सोय केली. कोयना धरण (उंची १०३ मी.) बांधताना दगडमिश्रित काँक्रीटची पद्धत अवलंबिण्यात आली. तीत मोठे दगड काँक्रीटमध्ये बसवीत असल्याने सिमेंटची बचत होई, सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता कमी राही आणि दगडकामात तरबेज असलेल्या मजुरांचे कौशल्य उपयोगी पडे. परदेशी नमुना जसाच्या तसा न उचलता तो स्थानिक साहित्याशी व हातांशी जुळवून घेणे, हा नवप्रवर्तनाचा भारतीय परिस्थितीत विशेष फलदायी ठरलेला प्रकार होय. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या वरच्या भागास तडे गेले. ते न लपविता त्यांचा सविस्तर अभ्यास झाला, धरण मजबूत करण्यात आले आणि देशाच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात १९७० मध्ये सुधारणा झाली. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय रिकामा न करता तळाशी राखलेला खडकाचा शेवटचा अडसर सुरुंगाने उडवून बोगद्यात पाणी घेण्यात आले. नॉर्वेत विकसित झालेल्या या सरोवर-छेदन तंत्राचा तो आशियातील पहिला प्रयोग मानला जातो. २५ एप्रिल २०१२ रोजी त्याची पुनरावृत्ती झाली. [⟶ धरणे व बंधारे].

पानशेतचा धडा : कार्यसंस्कृतीच्या दोषाचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पानशेत धरणाचे आहे. आंबी नदीवरील या मातीच्या धरणात मूळ वेळापत्रकाच्या एक वर्ष अगोदर, १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडविण्यात आले. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचे व तिच्या दरवाजाच्या यंत्रणेचे काम तोवर अपुरे होते. अर्धवट उघडलेल्या दरवाजाखालून वेगाने वाहणाऱ्या पाण्याने मोरीस हादरे बसू लागले व तिच्यावरील भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भराव सावरण्याचा प्रयत्न केला. तथापि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या वस्तीची अपरिमित हानी झाली.

या दुर्घटनेकडे केवळ तांत्रिक चूक म्हणून पाहणे अपुरे आहे. काम लवकर पुरे करणे हे स्वतःच एक भूषण मानले गेले, की अपुऱ्या कामाकडे बोट दाखविणे हे आडकाठी घालण्यासारखे वाटू लागते. वेग हे नवप्रवर्तनाचे फळ असू शकते; पण थांबण्याचा अधिकार कोणालाच नसलेल्या ठिकाणचा वेग हा धोक्याचे दुसरे नाव होय. पानशेतनंतर धरणसुरक्षेची तपासणी, पूर्वसूचना व पूर्ततेच्या क्रमाविषयीचे नियम यांकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. नियम बदलणे तुलनेने सोपे असते. वरिष्ठास अप्रिय वार्ता निर्भयपणे सांगण्याची सवय लावणे हे दीर्घ काळाचे काम आहे.

भारतीय कंपन्यांचा उदय : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठी कामे घेणाऱ्या देशी कंपन्या पुढे आल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन सुरुवात केली. १९२६ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी या नावाने प्रसिद्धीस आली. भोर घाटातील नव्या मार्गाचे बोगदे हे तिच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी होते. ज्या घाटात साठ-सत्तर वर्षांपूर्वी आखणी व कंत्राट दोन्ही यूरोपीयांकडे होती, तेथेच देशी कंपनीने बोगद्यांचे काम करून दाखविले. मोठ्या कामाची जोखीम पत्करणे, त्यासाठी भांडवल उभारणे आणि भारतीय अभियंत्यांवर जबाबदारी टाकणे हे वालचंदांच्या व्यवसायपद्धतीचे विशेष होते. याच कंपनीने २००९ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काम केले. पूर्वनिर्मित खंड समुद्रावर जोडण्याची व केबलच्या आधारे पूल तोलून धरण्याची पद्धती तेथे वापरण्यात आली.

हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धामुळे आयात थांबली, तेव्हा या संस्थेने लहान कार्यशाळेत यंत्रसामग्री बनविण्यास प्रारंभ केला. १९४४ मध्ये बांधकामासाठी तिने वेगळी कंपनी स्थापन केली. कारखानदारी व बांधकाम एकाच छत्राखाली आल्याने यंत्रशाळेतील मोजमापाची काटेकोर सवय बांधकामाच्या जागेवर नेण्यास मदत झाली. कायम सेवेतील अभियंत्यांचा मोठा वर्ग व त्यांच्या प्रशिक्षणाची सोय यांमुळे एका कामातील अनुभव दुसऱ्या कामात पोहोचू शकला.

बाबूराव गोविंदराव शिर्के (१९१८–२०१०) यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. वाईजवळील पसरणी या गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या शिर्के यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन १९४४ मध्ये स्वतःची बांधकाम संस्था सुरू केली. १९७० च्या दशकात त्यांनी स्वीडिश तंत्रज्ञानाच्या साहाय्याने पुण्यात ‘सिपोरेक्स’ या हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे उत्पादन चालू केले. सिमेंट वा चुना, बारीक सिलिकायुक्त वाळू व पाणी यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली असता हायड्रोजन वायू निर्माण होऊन मिश्रण फुगते. ते कापून दाबाखालील वाफेत पक्के केले, की वजनाने हलके, उष्णतारोधक व करवतीने कापता येणारे ठोकळे व पट्ट मिळतात. हे पट्ट आणि कारखान्यात ओतलेले खांब व तुळया यांपासून, यारीच्या साहाय्याने जागेवर जोडणी करून, झपाट्याने इमारत उभारण्याची पद्धती त्यांच्या संस्थेने विकसित केली. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले क्रीडासंकुल हे या संस्थेचे प्रसिद्ध काम होय. साहित्य, यंत्रे व बांधणी ही तिन्ही अंगे एकाच संस्थेकडे असल्याने नव्या पद्धतीचा लाभ व जोखीम एकाच ठिकाणी आली आणि म्हणून ती टिकली. विखुरलेल्या पक्षांच्या व्यवसायात हे अपवादानेच घडते. २००३ मध्ये शिर्के यांना पद्मश्री मिळाली.

कोकण रेल्वे : ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने रोहा ते मंगळूर हा सु. ७४० किमी. लांबीचा मार्ग बांधला. तो २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. ९० हून अधिक बोगदे व सु. दोन हजार लहानमोठे पूल असलेले हे काम कार्यसंस्कृतीच्या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे. मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर स्वतंत्र मुख्य अभियंता नेमण्यात आला व जागेवरच निर्णय घेण्याचे अधिकार त्याला देण्यात आले. कार्यालये लहान ठेवली गेली आणि कंत्राटदारांची देयके लवकर चुकती करण्याचा कटाक्ष राहिला. पैसे वेळेवर मिळतील ही खात्री झाल्यामुळे कंत्राटदार नव्या यंत्रसामग्रीत भांडवल गुंतविण्यास धजले. भोर घाटातील १८५९ च्या अनुभवाशी याची तुलना उद्बोधक ठरते.

रत्नागिरीजवळील पानवल नदीवरील ४२४ मी. लांब व सु. ६४ मी. उंच पूल बांधताना पुलाचा सलग भाग एका टोकास ओतून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलण्याची पद्धती भारतात प्रथमच वापरली गेली. कठीण खडकातील बोगद्यांसाठी स्वीडनहून जलशक्तिचालित यंत्रे आणण्यात आली. गोव्यातील पेडणे येथील मऊ व पाणथळ मातीतील बोगद्याने मात्र सर्वांची परीक्षा पाहिली. तेथे यंत्रे निरुपयोगी ठरली, माती पुन:पुन्हा कोसळली व हळूहळू, हाताने खणून मार्ग काढावा लागला. नवे तंत्र कोठे थांबवायचे हे ओळखणे हाही नवप्रवर्तनाचाच भाग आहे. या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकाच्या परिसरात आहे.

मजूर व यंत्र : कंपन्यांच्या इतिहासात अभियंत्यांची व उद्योजकांची नावे येतात, मजूर संख्येनेच ओळखला जातो. महाराष्ट्रातील बांधकामावरील बहुसंख्य मजूर मुकादमामार्फत येतात. मुकादम उचल देतो, त्यांना कामावर आणतो व मजुरीतून आपला हिस्सा काढतो. मजुराची निष्ठा त्यामुळे कंपनीशी न राहता मुकादमाशी राहते. हंगाम संपताच तो गावी परततो आणि पुढील वर्षी दुसऱ्याच कामावर जातो. अशा मजुराच्या प्रशिक्षणावर खर्च करण्यास कंपनी उत्सुक नसते, आणि प्रशिक्षण नसल्याने नवी पद्धती त्याच्या हाती सोपविण्याची तिला भीती वाटते. हे दुष्टचक्र नवप्रवर्तनातील मोठा अडसर आहे. स्त्री मजुरांची स्थिती अधिकच बिकट असते. आयुष्यभर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बाईस गवंडीकाम शिकण्याची संधी क्वचितच मिळते. मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागेवर पाळणाघरे चालविण्याचा उपक्रम १९६९ मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढे मुंबई-पुण्यात पोहोचला. कार्यसंस्कृतीतील नवप्रवर्तनाचे ते एक लहान, पण लक्षणीय उदाहरण होय.

यंत्रांच्या प्रसाराने हे चित्र काही अंशी बदलले. सिमेंटवरील नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठल्यावर मोठ्या शहरांत तयार काँक्रीट पुरविणारी केंद्रे निघाली. त्यानंतर ॲल्युमिनियमचे साचे वापरून भिंती व छत एकाच वेळी ओतण्याची पद्धती मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत रूढ झाली. तिच्यामुळे वेग वाढला व दर्जात एकसारखेपणा आला. परंतु सुताराचे साचेकाम व गवंड्याचे गिलाव्याचे काम यांची गरज घटली. यंत्र आणताना जुन्या कारागिरास नव्या कामासाठी तयार करणारी कंपनी व त्याला केवळ कमी करणारी कंपनी, या दोहोंचा हिशेब काही काळ सारखा दिसतो. पुढे मात्र पहिलीकडे अनुभव साचतो आणि दुसरीला तो प्रत्येक वेळी बाजारातून विकत घ्यावा लागतो.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. बांधकामखर्चावरील उपकरातून कल्याण मंडळे चालविण्याची तरतूद त्याच वर्षी करण्यात आली. महाराष्ट्राचे मंडळ २०११ मध्ये अस्तित्वात आले. १९९६ च्या कायद्यातील सुरक्षाविषयक तरतुदी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

बुलढाणा जिल्हा व मोताळा परिसर : मोठ्या कंपन्यांच्या इतिहासाचे पडसाद लहान गावांतही उमटतात. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरील मोताळा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्णेस मिळणाऱ्या नळगंगा नदीवर या तालुक्यात १९६० च्या दशकात मातीचे धरण बांधण्यात आले. सपाटीकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या घरांना तडे जातात. यावर रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेल्या लहान स्थूणांचा उपाय विकसित केला. स्थूणेचा फुगीर तळ ओलाव्याचा फारसा बदल न होणाऱ्या थरात रुततो व इमारत स्थिर राहते. हा उपाय अनेक दशकांपासून उपलब्ध असूनही खेडोपाडी तो सर्वत्र पोहोचला नाही. स्थानिक मिस्त्रीस तो कोणी शिकविलेला नसतो, घरमालकास जमिनीखालचा खर्च वायफळ वाटतो आणि लहान ठेकेदारास वेगळे काही करून दोष पत्करण्याची इच्छा नसते. ज्ञानाच्या अभावापेक्षा ते पोहोचविणाऱ्या नात्यांचा अभाव येथे अधिक जाणवतो.

विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पातून सु. ४२६ किमी. लांबीच्या जोडकालव्याने पाणी नळगंगेपर्यंत आणण्याची वैनगंगा-नळगंगा योजना राज्य शासनाने हाती घेतली आहे. तिचे शेवटचे टोक याच परिसरात येते. एवढे मोठे काम होताना स्थानिक मजूर केवळ माती वाहणार, की यंत्रचालक, मापनकार व तंत्रज्ञ होऊन बाहेर पडणार, हे काम घेणाऱ्या कंपन्यांच्या कार्यसंस्कृतीवर अवलंबून राहील.

अलीकडील घडामोडी : नांदुरा-मलकापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला भागात जून २०२२ मध्ये पुण्याच्या एका कंपनीने ७५ किमी. लांबीचा एकपदरी डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून जागतिक विक्रमाची नोंद केली. सु. ७२० माणसे पाळ्यांनी राबत होती. खडीचा, डांबराचा व वाहनांचा अखंड पुरवठा, यंत्रबिघाडासाठी राखीव सामग्री व तत्काळ निर्णय यांची पूर्वतयारी हे या कामाचे खरे मर्म होते. येथे नवप्रवर्तन यंत्रापेक्षा संघटनेत अधिक होते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किमी.) बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत तो जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. याच मार्गाच्या कामावर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी पुलाची तुळई बसविणारी अवजड यारी कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. पूर्वनिर्मित तुळया यंत्राने बसविणे हे उंचावरील मानवी श्रम कमी करणारे तंत्र आहे. पण त्याच्या सुरक्षिततेसाठी तितकीच जागरूक कार्यसंस्कृती आवश्यक असते. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईतील अटल सेतूवर (२१.८ किमी.) लांब गाळ्यांसाठी पोलादी पृष्ठभागाच्या हलक्या तुळया वापरण्यात आल्या. अशी कामे जपान, कोरिया व भारत येथील कंपन्यांनी एकत्र येऊन केल्याने भिन्न कार्यसंस्कृतींचा प्रत्यक्ष परिचय भारतीय अभियंत्यांना होत आहे.

व्यवस्थापनाच्या क्षेत्रात जपानी मोटार उद्योगातून निघालेले काटकसरी उत्पादनाचे तत्त्व १९९० च्या दशकात बांधकामास लावण्यात आले. ग्लेन बॅलर्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत आठवड्याचे नियोजन प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या गटप्रमुखांनीच करावयाचे असते. दिलेल्या वचनांपैकी किती पुरी झाली हे मोजले जाते व न झालेल्यांची कारणे, कोणावर ठपका न ठेवता, नोंदली जातात. पुण्याच्या राष्ट्रीय बांधकाम व्यवस्थापन व संशोधन संस्थेसारख्या (स्थापना १९८३) शिक्षणसंस्थांनी बांधकाम व्यवस्थापनास स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान मिळवून दिले आहे.

मूल्यमापन : कार्यसंस्कृती हे नवप्रवर्तनाचे एकमेव कारण नव्हे. निविदेच्या अटी, भांडवलाची उपलब्धता, शासकीय नियंत्रणे, मजुरीचे दर व स्पर्धा यांचाही त्यावर प्रभाव पडतो. स्वस्त मजुरीच्या प्रदेशात यंत्र उशिरा येते, मग कंपनीची संस्कृती कितीही उदार असो. उलट, नवे तंत्रही संस्कृती घडविते. काँक्रीटचा अखंड पुरवठा सुरू झाला, की सर्वांना वेळ पाळावीच लागते. तथापि महाराष्ट्राच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवातून काही गोष्टी निश्चितपणे दिसतात. देणे वेळेवर चुकते होते तेथे विश्वास वाढतो व प्रयोगास धजण्याची वृत्ती येते. निर्णयाचा अधिकार कामाच्या जागेजवळ असतो तेथे अडचणीवर उपाय लवकर सापडतो. अपयशाची उघड चिकित्सा होते तेथे एका धरणाचा तडा इतर अनेक धरणांना वाचवितो. आणि जेथे घाई ही निष्ठेची कसोटी बनते, तेथे पानशेतची पुनरावृत्ती होण्याचा धोका कायम राहतो. बांधकाम कंपनीच्या प्रगतीचे माप यंत्रांच्या संख्येवरून घेण्याची प्रथा आहे. पाया खचताना प्रथम ज्याला दिसतो त्या मजुराचा शब्द किती लवकर अभियंत्याच्या कानी पडतो व त्यावर काम थांबते की नाही, हे त्याहून अधिक विश्वसनीय माप होय.